काढून टाकण्यालाही वेळ द्या: संकेतस्थळांचं नियोजन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
संकेतस्थळांच्या कामाचं नियोजन करणारे सर्व प्रॉडक्ट मॅनेजर, प्रोजेक्ट मॅनेजर आणि टीम लीड यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका जुन्या संकेतस्थळाची मुख्य स्टाइलशीट (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांची फाइल) उघडली. साडेनऊ हजार ओळींची फाइल. त्यात सहा हजाराव्या ओळीच्या आसपास एक टीप सापडली: ‘तात्पुरतं. लाँच झाल्यावर काढणे.’ टिपेखाली दोनच ओळींचा नियम होता, एका जाहिरात-पट्टीला थोडं खाली सरकवणारा. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, मागे जाऊन पाहिलं, तर ती टीप सहा वर्षांपूर्वीची. ती पट्टी ज्या पानावर होती ते पानच आता नाही. टीप लिहिणारी व्यक्ती काम सोडून गेली, तिच्या जागी आलेलीही गेली. या सहा वर्षांत आलेल्या प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरने त्या दोन ओळी उतरवून घेतल्या, वाचल्या, नोंदवल्या आणि कशालाही लावल्या नाहीत.

त्या ओळी काढायला मला अर्धा दिवस लागला. प्रत्यक्ष काढणं एका क्षणाचं होतं. बाकी सगळा वेळ ‘काढल्यावर कुठे काही मोडणार नाही ना’ याची खात्री करण्यात गेला. तो अर्धा दिवस कोणत्या टिकेटवर, म्हणजे कामाच्या कोणत्या नोंदीवर, लिहायचा हे मला कळेना, कारण तसं टिकेटच नव्हतं. हे पत्र त्या नसलेल्या टिकेटबद्दल आहे.

स्टाइलशीटमध्ये निरुपयोगी नियम साचतात यात सहसा कुणाचा आळस नसतो. जावास्क्रिप्टमधलं एखादं फंक्शन काढलं आणि कुठूनतरी त्याला बोलावणं येत असेल, तर लगेच बोंब होते; बिल्ड (संकेतस्थळाची बांधणी) थांबतो, नाहीतर ब्राउझरचा कन्सोल लाल त्रुटी दाखवतो. स्टाइलशीट ज्या भाषेत लिहितात ती सीएसएस गप्प राहते. होकोन व्हियुम ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत असताना १० ऑक्टोबर १९९४ रोजी या भाषेचा पहिला प्रस्ताव मांडला, पुढे बर्ट बॉस त्यांच्याबरोबर आले आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिलं प्रमाण प्रसिद्ध झालं. तेव्हापासून या भाषेचा स्वभाव तोच आहे: जे समजत नाही ते सोडून द्यायचं आणि जे कशालाच लागू होत नाही त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. या सोशिकपणामुळेच नव्या सुविधांनी लिहिलेलं पान जुन्या ब्राउझरमध्येही निदान वाचता येतं. मला हा गुण मनापासून आवडतो. पण त्याच गुणामुळे एखादा नियम निकामी झाला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

त्यात भर अशी, की साध्या सीएसएसमधला नियम कोणत्याही एका पानाच्या मालकीचा नसतो. ‘कार्ड’ या क्लाससाठी, म्हणजे पानावरच्या घटकांना दिलेल्या या नावासाठी, लिहिलेला नियम ती फाइल जिथे जिथे लागते तिथल्या प्रत्येक ‘कार्ड’ला लागतो. म्हणून ‘हा नियम वापरात आहे का?’ या साध्या प्रश्नाचं पक्कं उत्तर द्यायचं, तर सगळी पानं, त्या पानांच्या सगळ्या अवस्था, सगळ्या रुंदी आणि संपादकांनी आजवर भरलेला सगळा मजकूर माहीत हवा. इतकं कुणालाच माहीत नसतं. मग ‘असू दे, खायला तर मागत नाही’ म्हणून नियम तसाच ठेवला जातो आणि नवा नियम फाइलीच्या तळाशी लिहिला जातो. अशा फाइलीत फक्त भरच पडत जाते.

खायला मागत नाही हे अर्धंच खरं आहे, आणि त्यातलं खरं आधी सांगायला हवं. नियम कोणत्या घटकांना लागू करायचा हे सांगणारा भाग म्हणजे सिलेक्टर; ब्राउझर तो उजवीकडून डावीकडे वाचतो. नियमांची विभागणी तो त्यांच्या शेवटच्या भागावरून आधीच करून ठेवतो. आयडीचे वेगळे, क्लासचे वेगळे, टॅगचे वेगळे. त्यामुळे पानावर नसलेल्या क्लाससाठी लिहिलेला नियम जुळवाजुळवीच्या वेळी बहुतेकदा विचारातही येत नाही. ‘हजार निकामी नियमांमुळे पान रखडतं’ असं सरसकट बोललं जातं, ते या अर्थाने खरं नाही. शिवाय सीएसएसमध्ये तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे जीझिप या आकुंचनाच्या पद्धतीने फाइल चांगलीच आक्रसते.

खर्च येतो तो आधीच्या टप्प्यावर. पानाच्या सुरुवातीला जोडलेली स्टाइलशीट पूर्ण उतरून, पूर्ण वाचून होईपर्यंत ब्राउझर पानावर काहीही रंगवत नाही. वाचकासमोर कोरा पडदा राहतो. नवी जोडणी उघडल्यावर सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण १० पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे), म्हणजे अंदाजे १४ किलोबाइट पाठवू शकतो. २०१३ च्या आरएफसी ६९२८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने ही मर्यादा सुचवली. फाइल त्याहून मोठी असेल तर आणखी फेऱ्या होतात, आणि नेटवर्क अशक्त असेल तर प्रत्येक फेरी जाणवते. आकुंचित फाइल उलगडल्यावर ब्राउझरला अख्खा मजकूर वाचावा लागतो, कामाचा आणि बिनकामाचा दोन्ही. बूटस्ट्रॅपसारखी तयार सीएसएसची चौकट सबंध जोडली तर मिनिफाय केल्यावरही (मोकळ्या जागा काढून आवळल्यावरही) ती दीडशे किलोबाइटच्या वर जाते, आणि अनेक संकेतस्थळं तिच्यातल्या जाळीचा, बटणांचा आणि फॉर्मचा भाग सोडून बाकीच्याला शिवतही नाहीत.

हे फक्त छोट्या टीमचं दुखणं आहे असंही समजू नका. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये आपलं संकेतस्थळ नव्याने बांधल्यावर स्वतःच लिहिलं, की जुन्या मुखपृष्ठावर आकुंचित स्वरूपात ४०० किलोबाइटहून जास्त सीएसएस उतरत होती. उलगडल्यावर ती २ मेगाबाइट भरे, आणि पहिल्या दर्शनाला त्यातली जेमतेम १० टक्के लागत होती. नव्या बांधणीत त्यांनी मुखपृष्ठाची सीएसएस ८० टक्क्यांनी कमी केली. इतकी माणसं आणि इतकी साधनं हाताशी असलेल्या ठिकाणीसुद्धा ही साठवण झाली होती, यावरून ती किती सहज होते याचा अंदाज यावा.

एकेकाळी या साठवणीने प्रत्यक्ष घातही केला आहे. इंटरनेट एक्सप्लोररच्या ६ ते ९ या आवृत्त्या एका स्टाइलशीटमधले पहिले ४०९५ सिलेक्टर तेवढे मानायच्या आणि पुढचे गुपचूप सोडून द्यायच्या. फाइल त्या आकड्यापलीकडे गेली की तळाशी लिहिलेले नवे नियमच लागेनासे व्हायचे, आणि वरचे निकामी मात्र जागा धरून बसायचे. तो ब्राउझर इतिहासजमा झाला. त्याच्यासाठी लिहिलेल्या युक्त्या मात्र, नावाआधी तारा लावलेल्या प्रॉपर्टी (नियमातले गुणधर्म) आणि ‘फिल्टर’च्या लांबलचक ओळी, मला आजही चालू फाइलींमध्ये भेटतात.

तरी मला किलोबाइटपेक्षा माणसांच्या वेळेची चिंता जास्त आहे. नवीन आलेली डेव्हलपर एखाद्या बटणाचा रंग बदलायला जाते, शोध घेते आणि तिला त्या क्लासचे सात नियम सापडतात. त्यातले चार निकामी आहेत हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ती सातही वाचते. मग सगळ्यांवर मात करण्यासाठी ‘इम्पॉर्टंट’ ही इतर नियमांना दाबणारी खूण लावून आठवा लिहिते. पुढच्या माणसाला आठ सापडतात.

याहून वाईट म्हणजे मेलेला नियम पुन्हा उठतो. हा अनुभव मी घेतला आहे. एका नव्या पानावर सूचनेसाठी साधी चौकट करायची होती. मी तिला ‘नोटीस’ हे सरळ नाव दिलं. चौकट सगळीकडे नीट दिसत होती, फक्त एका विभागात ती जागा सोडून उजव्या कोपऱ्यात जाऊन मेन्यूवर बसायची. दीड दिवस मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत होते. शेवटी कळलं की त्या विभागाच्या जुन्या फाइलीत ‘नोटीस’ नावाचाच नियम पडून होता. कधीकाळी तिथे तरंगती सूचना होती, ती काढली, नियम राहिला. वर्षानुवर्षं कुणालाच न लागलेला तो नियम माझ्या नव्या घटकाला बरोबर लागला. त्या दीड दिवसाची नोंद वेळपत्रकात ‘नवीन घटक: अपेक्षेपेक्षा जास्त वेळ’ अशी झाली. खरं कारण तिथे लिहायला रकानाच नव्हता.

आता साधनांबद्दल. तुमच्यापैकी अनेकांकडून ‘अमुक टक्के सीएसएस वापरात नाही, काढून टाका’ असा निरोप आणि सोबत एक स्क्रीनशॉट येतो. तो स्क्रीनशॉट बहुधा क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्स या तपासणीच्या साधनांमधल्या ‘कव्हरेज’ पटलाचा असतो. २०१७ मध्ये क्रोम ५९ पासून ते मिळू लागलं आणि ते खरोखर उपयोगाचं आहे. नोंदणी सुरू करा, पान पुन्हा उघडा, आणि कोणत्या फाइलीतले किती बाइट लागले, किती नाही ते दिसतं. न लागलेल्या ओळींच्या बाजूला लाल पट्टी येते. लाइटहाऊस या पान तपासणाऱ्या साधनाच्या अहवालातही न वापरलेली सीएसएस कमी करा असा सल्ला येतो.

पण त्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. तो या पानाबद्दल, या रुंदीवर, या घटकेपुरता आहे. सगळ्या संकेतस्थळाला एकच फाइल असेल तर मुखपृष्ठ उघडल्यावर खरेदीच्या पानाचे, शोधपानाचे, खात्याच्या पानाचे नियम लाल दिसणारच. तुम्ही मोठ्या पडद्यावर पाहत असाल तर मोबाइलसाठीचे नियम लाल. मेन्यू उघडला नाही तर उघड्या मेन्यूचे लाल. फॉर्म चुकीचा भरला नाही तर चुकीच्या संदेशाचे लाल. छपाईसाठीचे तर कायमच लाल, कारण चाचणी करताना पान कोण छापतं? या अहवालातून ‘कुठे शोधायचं’ एवढं कळतं. ‘काय काढायचं’ हे त्यातून ठरवलं तर हात दाखवून अवलक्षण होतं.

स्वयंचलित साफसफाई करणारी साधनंही आहेत, आणि ती विचार कसा करतात हे माहीत असलं तर ती कुठे फसतात हे आपोआप कळतं. अनसीएसएस हे साधन पान नकली ब्राउझरमध्ये उघडतं आणि प्रत्येक सिलेक्टरला जुळणारा घटक तिथे आहे का ते पाहतं. म्हणजे जी पानं तुम्ही त्याला दाखवाल तेवढंच त्याचं जग. जो घटक क्लिक केल्यावर तयार होतो, लॉगिन केल्यावर दिसतो किंवा महिन्यातून एकदाच उगवतो, तो त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. पर्जसीएसएस उलट्या बाजूने जातं. ते पान उघडत नाही. तुमच्या टेम्प्लेट (पानांचे साचे) आणि स्क्रिप्ट साधा मजकूर म्हणून वाचतं, त्यात क्लाससारखे दिसणारे सगळे शब्द उचलतं आणि त्या शब्दांशी जुळणारे नियम ठेवतं. त्यामुळे ते पुष्कळदा जास्तीचं राखतं, कारण ‘टायटल’ हा शब्द एखाद्या वाक्यात आला तरी ‘टायटल’ क्लासचा नियम टिकतो. पण कोडमध्ये ‘बटन-’ या तुकड्याला पुढे ‘लाल’ किंवा ‘हिरवं’ जोडून क्लासचं नाव तयार होत असेल, तर पूर्ण नाव कुठेच लिहिलेलं नसतं आणि तो नियम जातो. संपादकांनी डेटाबेसमध्ये साठवलेल्या लेखांतले क्लासही टेम्प्लेटमध्ये नसतात, मग तेही जातात. अशांसाठी ‘सेफलिस्ट’ नावाची राखीव यादी द्यावी लागते. ती यादी लिहायला तेच ज्ञान लागतं जे नसल्यामुळे आपण साधनाकडे गेलो होतो.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, याचा माझ्या लक्षात राहिलेला एक प्रसंग सांगते. एका बहुभाषिक संकेतस्थळावर सफाईचं साधन फक्त इंग्रजी पानांवरून फिरवलं गेलं. मराठी मजकुरासाठी भाषेवर बेतलेला एक नियम होता, ओळींमधलं अंतर वाढवणारा. इंग्रजी पानांवर तो कुठेच लागत नव्हता, साहजिकच तो काढला गेला. बांधणी यशस्वी, चाचण्या हिरव्या, फाइल निम्म्याहून लहान, सगळे खूश. आणि मराठी पानांवरच्या शीर्षकांत वेलांट्या आणि रफार वरून कापले जाऊ लागले, कारण शीर्षकाच्या पेटीबाहेर जाणारं लपवण्याची सोय होती आणि अंतर कमी झालं होतं. टीममध्ये ती पानं रोज पाहणारं कुणी नव्हतं. हे कळवलं ते एका वाचकाने, तेही काही आठवड्यांनी.

म्हणून मी आग्रहाने सांगते, की काही नियम ‘वापरात नाहीत’ असं कुणी म्हणालं तरी वेगळा विचार झाल्याशिवाय त्यांना हात लावू नये. कीबोर्डने फिरणाऱ्याला आपण कुठे आहोत हे दाखवणारी फोकसची चौकट. हालचाल कमी हवी असं ज्याने आपल्या यंत्राला सांगून ठेवलंय त्याच्यासाठी ॲनिमेशन थांबवणारे नियम. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत ठळक फरक हवा म्हणून ज्याने आपल्या यंत्रावर सक्तीचे रंग लावलेत त्याच्यासाठीचे नियम. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठीचे. चाचणी करणाऱ्याच्या माउसला आणि त्याच्या डोळ्यांना यांतलं काहीच भेटत नाही, आणि ज्यांना भेटतं त्यांच्यासाठी ते गेलं की पान वापरताच येत नाही. काही किलोबाइटांसाठी माणसं बाहेर ढकलली जाणार असतील, तर मला ती बचत नको.

टेलविंड या सीएसएसच्या चौकटीने यातला एक भाग वेगळ्या वाटेने सोडवला. २०२० मध्ये १.४ आवृत्तीत त्यांनी पर्जसीएसएस आतच घेतलं आणि डिसेंबर २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून उलटंच केलं: आधी सगळं तयार करून मग कापायचं नाही, तर कोडमध्ये जे क्लास सापडतील तेवढ्यांचेच नियम तयार करायचे. अट तीच, क्लासचं नाव अखंड लिहिलेलं हवं. चांगली वाट आहे. पण ज्यांच्याकडे दहा वर्षांची हाताने लिहिलेली सीएसएस आहे त्यांना ‘टेलविंडवर या’ असं सांगणं म्हणजे घर साफ करायचं सोडून नवं घर बांधायला सांगणं. आणि नव्या घरात सामान हलेपर्यंत जुनंही झाडावं लागतंच.

मग काम खरोखर कसं होतं? माझ्या हाताला बसलेली पद्धत सांगते, कारण तिला लागणारा वेळ कळल्याशिवाय माझी मागणी कळणार नाही.

आधी संशयित ठरवायचे. कव्हरेजच्या लाल पट्ट्या, कोडमध्ये क्लासच्या नावाचा शोध, नावाच्या तुकड्यांचाही शोध, मग गिटच्या इतिहासात तो नियम कोणत्या कामासाठी आला होता हे पाहणं. इथे तुमच्या टिकेटचं महत्त्व कळतं: कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलाच्या, संदेशात टिकेटचा क्रमांक असला तर पाच मिनिटांत कळतं की ती सुविधा जिवंत आहे की नाही, ‘फिक्स’ एवढंच लिहिलं असलं तर दुपार जाते. जुन्या ब्राउझरसाठीची गोलाकार कोपऱ्यांची, ब्राउझरगणिक वेगळा उपसर्ग लावलेली रूपं वगैरे या टप्प्यावर सहज सुटतात. सगळे उपसर्ग मात्र सरसकट काढू नका. ठरावीक ओळींनंतर मजकूर कापणाऱ्या ‘लाइन-क्लॅम्प’सारख्या प्रॉपर्टीला ‘वेबकिट’ उपसर्ग अजून लागतो.

मग उरतात ते खरे अवघड, ज्यांच्याबद्दल कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांच्यासाठी एक जुनी, साधी आणि फार प्रामाणिक युक्ती आहे. संशयित नियमात पार्श्वभूमी म्हणून एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र टाकायचं, प्रत्येक नियमाला चित्राचा वेगळा पत्ता द्यायचा आणि हे प्रॉडक्शनवर, म्हणजे वाचकांसमोरच्या चालू संकेतस्थळावर, जाऊ द्यायचं. नियम कुठल्या तरी पानावर कुठल्या तरी दिसणाऱ्या घटकाला लागला, तरच ब्राउझर ते चित्र मागतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या पत्त्यावर एकदा जरी मागणी आली तरी नियम जिवंत. पुरेसा काळ एकही आली नाही, तर तो गेलेला आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. चित्राच्या पत्त्यात वाचकाची कोणतीही ओळख घालायची नाही. आपल्याला नियमाची विचारपूस करायची आहे, माणसाची नाही.

यालाही मर्यादा आहेत. जास्त वजनाच्या दुसऱ्या नियमाने त्याच घटकाला वेगळी पार्श्वभूमी दिली असेल तर आपलं चित्र मागितलंच जात नाही. लपवून ठेवलेल्या घटकासाठीही ते येत नाही. आणि ‘पुरेसा काळ’ म्हणजे किती हे ज्याच्या त्याच्या कामावर आहे. वर्षातून एकदा उघडणारा अर्ज असेल तर दोन आठवड्यांची शांतता काहीच सांगत नाही. सगळ्यात अडचण येते ती इथे: या पद्धतीत हाताचं काम काही तासांचं आहे, पण वाट पाहणं आठवड्यांचं किंवा महिन्यांचं. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या फेरीत) सुरू होऊन संपणारं हे काम नाही. एका स्प्रिंटमध्ये चित्रं टाकायची, मधले काही सोडून पुढच्या एखाद्यात लॉग पाहायचा, त्यानंतरच्यात काढायचं. मध्येच नियोजनातून ते पडलं, तर पिक्सेलची चित्रं तशीच राहतात आणि फाइलीत आणखी एक भर पडते.

काढताना एका सुविधेचे नियम एका कमिटमध्ये. टिप्पणीत गुंडाळून ठेवायचे नाहीत, पूर्ण पुसायचे. गिटमध्ये सगळं आहे, परत आणता येतं. काढण्याआधीचे आणि नंतरचे स्क्रीनशॉट ठरलेल्या रुंदींवर यंत्राकडून ताडून घ्यायचे. मग रिलीज करून काही दिवस लक्ष ठेवायचं. वेगळ्या नियमांसाठी निराळी फेरी.

आता तुमच्याकडे मागणं.

पहिलं आणि सगळ्यात स्वस्त: एखादी सुविधा बंद करण्याचं टिकेट तिची सीएसएस गेल्याशिवाय ‘पूर्ण’ मानू नका. त्या दिवशी ती काढायला अर्धा तास लागतो, कारण सगळं डोक्यात ताजं असतं. सहा वर्षांनी अर्धा दिवस लागतो, हे वर सांगितलंच. जिथे घटक आणि त्याची स्टाइल शेजारी ठेवता येतात, सीएसएस मॉड्यूल्स असोत किंवा व्ह्यू या जावास्क्रिप्टच्या चौकटीतल्या स्कोप्ड स्टाइल्स, तिथे घटकाचा फोल्डर पुसला की नियमही जातात. नवं काम तसं करायला टीम मागत असेल, तर ‘आत्ता चालतंय ना’ म्हणून पुढे ढकलू नका.

तुलनात्मक चाचण्यांबद्दल विशेष. बटण डावीकडे चांगलं की उजवीकडे, असे प्रयोग तुम्ही करता, करायलाच हवेत. प्रत्येक प्रयोगात एक बाजू हरते आणि हरलेल्या बाजूची सीएसएस तशीच राहते. मी पाहिलेल्या फाइलींत निरुपयोगी नियमांचा मोठा वाटा या हरलेल्या बाजूंचा असतो. प्रयोगाचा निकाल लागला की तो जाहीर करण्याची तुम्हाला घाई असते. त्याच दिवशी हरलेली बाजू पुसण्याचं टिकेटही उघडा, तारीख घालून.

टक्केवारीचं उद्दिष्ट देऊ नका. ‘न वापरलेली सीएसएस २० टक्क्यांखाली आणा’ असं लिहून दिलंत तर ती येईल, खात्रीने येईल. आणि आधी जातील त्या फोकसच्या चौकटी, छपाईचे नियम, दुसऱ्या भाषेचं अंतर, कारण साधनाला तेच सगळ्यात निरुपयोगी दिसतात. त्यापेक्षा विचारा, की या तिमाहीत कोणत्या बंद झालेल्या सुविधांचे नियम गेले. त्याचं उत्तर नावानिशी देता येतं.

काढण्याचं काम कामात धरा. आढावा घेताना नव्या पानांची, नव्या घटकांची यादी वाचली जाते. चारशे ओळी कमी करणारी पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) त्या यादीत नसते, आणि ती करणारा माणूस आठवडाभर काय करत होता असा प्रश्न उरतो. तरुण डेव्हलपर हे पाहतात आणि शिकतात. पुढच्या वेळी ते नियम पाहतात आणि पुढे जातात.

आणि काहीतरी मोडेल, त्या दिवसाबद्दल. कितीही काळजी घेतली तरी कधीतरी काढलेला नियम कुठल्यातरी कोपऱ्यातल्या पानाला हवा असतो. पान वेडंवाकडं दिसतं, कुणीतरी तक्रार करतं, कमिट मागे घेतली जाते, दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. त्या दिवशी बैठकीत ‘खाजवून खरूज काढायला सांगितलं होतं कुणी?’ असा सूर लागला, तर त्या टीममध्ये यानंतर कुणी एक ओळही काढणार नाही. मी हे होताना पाहिलं आहे. त्यानंतरची दोन वर्षं ती फाइल फक्त वाढत गेली.

त्या ‘तात्पुरतं’ लिहिलेल्या दोन ओळी मागच्या आठवड्यात प्रॉडक्शनवरून गेल्या. काही मोडलं नाही. त्याच फाइलीत ‘तात्पुरतं’, ‘नंतर काढणे’, ‘जुनं, बघणे’ अशा आणखी ३१ टिपा मला सापडल्या. त्यांची यादी करून, प्रत्येकीपुढे ती कधी आली आणि तिची सुविधा चालू आहे की बंद एवढं लिहून, मी ती बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत, ठेवली आहे. नऊ सुविधा नक्की बंद आहेत. त्यांचे नियम दोन दिवसांत जातील. बाकीच्यांना पिक्सेलचं चित्र आणि थोडं थांबणं लागेल. तुमच्याही फाइलीत हा शोध घ्यायला टीमला एक दुपार पुरेल. यादी टीम करेल. तिच्यासमोर तारीख फक्त तुम्हीच घालू शकता.

आपली,
अनेक वर्षं इतरांनी लिहिलेल्या स्टाइलशीट सांभाळणारी एक फ्रंट-एंड डेव्हलपर